अवयवदान आणि बालकाच्या अस्थी



दधीची ऋषींनी लोककल्याणार्थ आपल्या अस्थी दिल्या, ही कथा सर्वश्रुत आहे. आज माता आपल्या यकृताचा भाग अथवा एक मूत्रपिंड देऊन लेकरास पुनर्जन्म देते. हैदराबादेत उस्मानिया या सरकारी रुग्णालयातही बालकांवर यकृताचे प्रत्यारोपण झालेले आहे. मरणोत्तर अवयवदानासाठी ‘जीवनदान’ ही शासकीय योजना 2013 सालापासून चालू आहे. परंतु शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे कार्य संपले, असे मात्र नव्हे.

शरीरातील सुमारे 99 टक्के कॅल्शियम अस्थी व दात यांत असते. हा ठेवा बाल्यात व कुमारवयात साठतो आणि मनुष्यास जन्मभर पुरतो. अन्नातील कॅल्शियम अंगी लागण्यास ड जीवनसत्त्व हवे. त्यावर पहिला संस्कार यकृतात व दुसरा मूत्रपिंडात होतो. म्हणून ज्या बालकाचा यांपैकी एखादा अवयव निकामी झाला, त्याच्या अस्थी बहुधा शस्त्रक्रियेपूर्वीच दुबळ्या झालेल्या असतात. पुढे शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून अनेकदा स्टेरॉइड द्यावे लागते. ते अवयवाचे रक्षण करते, पण हाड घडविणाऱ्या पेशींना मंद करते व कॅल्शियमचे शोषण घटविते. त्यामुळे उंची खुंटू शकते. कधी पाठीचा मणकाही पिचतो.

येथेच मातापित्यांची कसोटी लागते. हाडांच्या भयाने औषध परस्पर थांबविल्यास मिळालेला अवयवच गमावण्याची वेळ येते. मात्रा कमी करणे हे डॉक्टरांचेच काम होय. उलट, जपण्याच्या मायेने मुलास सदैव घरात बसविले, तर हाडे अधिकच क्षीण होतात. कारण भार पडल्यावाचून हाड बळकट होत नाही. डॉक्टरांची अनुमती मिळताच त्याने चालावे, खेळावे. या औषधांमुळे कडक उन्हाची बाधा अधिक होते, तेव्हा उन्हाचे प्रमाणही त्यांनाच विचारावे.

आहाराविषयी मार्गदर्शन करणारी राष्ट्रीय पोषण संस्था 1958 साली कुन्नूरहून याच नगरीत आली. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणीची आंबील व उकळलेले दूध घरोघरी सहज मिळते. मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णाने आहारही विचारूनच ठरवावा. रक्ततपासणीवाचून गोळ्या देऊ नयेत. उंची नियमाने मोजावी आणि मुलाने पाठ दुखते म्हटल्यास ते लाडिकपण समजून सोडून देऊ नये.

दात्याने अवयव दिला. त्याभोवतीचा देह ताठ उभा राहील असे पाहणे, हे त्या दानाचे खरे जतन होय.