एक्स-पी वजा पी-एक्स: कम्युटेटर हाताने सोडवताना

आज ऐकता ऐकता फोन हातात घ्यायचा आहे. बसमध्ये उभे असाल तर राहू द्या, घरी गेल्यावर करा.

फोन टेबलावर ठेवा, स्क्रीन वर, कॅमेऱ्याचं टोक तुमच्यापासून लांब. पहिली कृती: तुमच्यापासून लांबची कड उचलून फोन उभा करायचा. दुसरी कृती: फोन आहे तसाच, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरी फिरवायचा. आधी पहिली, मग दुसरी केलीत तर फोन ताठ उभा आणि स्क्रीन डावीकडे. आता पुन्हा सुरुवातीपासून, पण आधी दुसरी आणि मग पहिली. फोन आडव्या बाजूवर, स्क्रीन थेट तुमच्या तोंडासमोर! कृती त्याच, क्रम बदलला. दोन क्रमांमधला हा फरक मोजायचं साधन म्हणजे कम्युटेटर: एबी वजा बीए.

आता मूळ मुद्दा. बीएस्सीच्या मुलांचे मला सारखे मेसेज येतात, ‘दादा, परीक्षा जवळ आलीय, कम्युटेटरचा तक्ता पाठ केला तर चालेल का?’ माझं मत, नाही चालणार. पेपरात तक्त्याबाहेरचं एक गणित आलं की हात थांबतो. आणि पाठ करण्यासारखं त्यात फारसं काही नाहीच.

पी म्हणजे उणे आय एच-बार गुणिले डी बाय डीएक्स. हा ऑपरेटर आहे, त्याला काम करायला समोर फंक्शन लागतं. म्हणून पहिला नियम: उजवीकडे एक फंक्शन ठेवा, त्याला साय म्हणू. नुसतं ‘डी बाय डीएक्स ऑफ एक्स म्हणजे एक’ असं लिहून मोकळे झालात की पुढचं सगळं फसतं.

एक्स-पी साय म्हणजे उणे आय एच-बार, एक्स, साय-डॅश. पी-एक्स साय करताना मात्र डेरिव्हेटिव्ह ‘एक्स गुणिले साय’ या अख्ख्या गुणाकारावर बसतो. बारावीचा गुणाकाराचा नियम लावा: साय अधिक एक्स साय-डॅश, बाहेर उणे आय एच-बार. वजाबाकीत साय-डॅशची पदं उडतात, उरतं आय एच-बार साय. साय कुठलंही चालतं, म्हणून [एक्स, पी] = आय एच-बार. झालं! एच-बार साधारण १.०५५ गुणिले दहाचा उणे ३४वा घात ज्यूल-सेकंद, म्हणून क्रिकेटच्या चेंडूला याचा पत्ताही लागत नाही.

पुढे प्रत्येक वेळी साय नको. [एबी, सी] = ए[बी, सी] + [ए, सी]बी एवढं पुरतं. डावीकडचं डावीकडेच, उजवीकडचं उजवीकडेच; सगळी खबरदारी इथे. असाच नियम दुसऱ्या बाजूला लावून [एक्स, पी-वर्ग] = दोन आय एच-बार पी. [एलएक्स, एलवाय] बघून घाबरू नका: चार पदं पडतात, दोन थेट शून्य, उरलेल्या दोनांतून आय एच-बार एलझेड. मघाशी फोन फिरवलात ना, त्याचाच हा हिशोब.

मला सगळ्यात आवडतो तो [पी, व्ही], जिथे व्ही ही एक्सवर अवलंबून असलेली स्थितिज ऊर्जा. साय ठेवा, सोडवा: उणे आय एच-बार व्ही-डॅश. त्याला आय एच-बारने भागा. उणे व्ही-डॅश, म्हणजे बल! संवेगाची सरासरी वेळेनुसार कशी बदलते ते हाच कम्युटेटर सांगतो. न्यूटनचा दुसरा नियम इथे सरासरीच्या वेषात हजर आहे. हे एरेनफेस्टने १९२७ मध्ये दाखवलं.

त्याआधी, १९२५ मध्ये, २३ वर्षांच्या हायझेनबर्गच्या गणितात गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलत होतं आणि त्याला ते खटकत होतं. मॅक्स बॉर्नने ओळखलं, अरे, हे तर मॅट्रिक्स! गटिंगेनमध्ये बॉर्नच्या थडग्यावर पी-क्यू वजा क्यू-पी हेच समीकरण कोरलंय.

जाता जाता एक गृहपाठ. एक्स आणि पी दोन बाय दोनच्या मॅट्रिक्स आहेत असं समजा. एक्स-पी वजा पी-एक्सच्या कर्णावरच्या संख्यांची बेरीज काढा, मग आय एच-बार गुणिले एकक मॅट्रिक्सची काढा. पहिली शून्य येते, दुसरी येत नाही. दोनाऐवजी शंभर बाय शंभर घेतली तर जमेल का? उत्तर व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.