टोबॅगो : सकाळी रान, दुपारी समुद्र

(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांपैकी ज्या घरातलं कुणीच अमेरिकेत नाही असं घर आता शोधावं लागतं. आपण एप्रिलात जातो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात गणपतीला परत येतो. नायगारा होतो, वॉशिंग्टन होतं, आणि मग मुलं कामावर, नातवंडं शाळेत आणि आपण खिडकीत, असे दिवस सुरू होतात. अशा वेळी मुलं म्हणतात, "आठवडाभर कॅरिबियनला जाऊन या की!" आम्हा दोघांनाही तसंच म्हटलं गेलं आणि आम्ही गेलो. परत आल्यापासून इतक्या जणांनी विचारलं की कार्यवाहांनी सांगितलं, एकदाच सगळ्यांसमोर बोला. म्हणून आज उभे आहोत.

पहिली गोष्ट बेटाच्या निवडीची. सहलीच्या जाहिराती सात दिवसांत चार बेटं दाखवतात. नकाशावर ती एका माळेतल्या मण्यांसारखी जवळजवळ दिसतात, पण एका बेटावरून दुसऱ्यावर जायला विमानतळ, तपासणी, वाट पाहणं, नवी खोली यांत अर्धा दिवस सहज जातो. आठवड्यातले दोन दिवस असे घालवायचे तर घरी बसलेलं काय वाईट? एकच बेट घ्यायचं, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. आमच्या अटी दोनच होत्या. पोहता येईल असा शांत समुद्र हवा आणि खरं पावसाळी रान हवं. शिवाय आमच्यापैकी एकाचं वय अडुसष्ट आणि दुसऱ्याचा डावा गुडघा कुरकुरणारा. तिसरी अट म्हणायची तर ही.

डॉमिनिका रानासाठी सगळ्यांत सरस, पण तिथली नावाजलेली उकळत्या तळ्याची वाट म्हणजे अख्ख्या दिवसाची चढ-उतार. सेंट लुसियाचे ते दोन सुळके चित्रात फार सुंदर दिसतात, चढायला अवघड. पोर्तो रिकोचं एल युंके हे रान चांगलं आहे, आणि ते बेट अमेरिकेच्याच ताब्यात असल्याने वेगळा व्हिसा लागत नाही. कागदपत्रांचा कंटाळा असेल त्यांनी खुशाल तिकडे जावं. आम्ही मात्र टोबॅगो निवडलं, आणि त्यामागे एक लस होती.

ही लसीची गोष्ट जरा नीट ऐका, कारण प्रवासी कंपनीवाले ती शेवटच्या आठवड्यात सांगतात. त्रिनिदाद आणि टोबॅगो हा एकच देश, पण पीतज्वराच्या, म्हणजे यलो फीव्हरच्या, बाबतीत दोन्ही बेटं वेगळी. धोका त्रिनिदादच्या घनदाट रानात आहे. तिथं जाणाऱ्यांनी लस घ्यावी असा सल्ला असतो. नुसत्या टोबॅगोला जाणाऱ्यांना तो सल्ला नाही. लस एकदाच घ्यायची, तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि आता ते जन्मभर चालतं. सरकारमान्य केंद्रातच मिळते. पण साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेणाऱ्यांत गंभीर त्रासाचं प्रमाण जास्त असतं, म्हणून डॉक्टरांनी माणूस पाहून ठरवायचं असतं. आमच्या डॉक्टरांनी अडुसष्टला "नको" म्हटलं आणि दुसऱ्याला "चालेल" म्हटलं.

मग घरात वाद झाला. एकाला त्रिनिदादचं उत्तरेकडचं डोंगररान आणि तिथले पक्षी पाहायचेच होते, आणि लस चालत होती. "तू हॉटेलात थांब, मी एक दिवस जाऊन येतो," इथपर्यंत बोलणं गेलं. दुसऱ्याचं म्हणणं, एवढ्या लांब जाऊन एकाने हॉटेलच्या भिंती बघायच्या तर ती सहल कसली? चार दिवस या विषयावर जेवणं गप्प झाली. शेवटी त्रिनिदादचं रान सोडलं. दोघांना एकत्र चालता येईल असं रान टोबॅगोत होतं, म्हणून ते घेतलं.

त्यातच दुसरं एक कलम आहे. पीतज्वराच्या यादीतल्या देशातून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि प्रमाणपत्र नसेल, तर विमानतळावरून विलगीकरणात जावं लागू शकतं. टोबॅगोला जाताना बहुधा त्रिनिदादच्या पोर्ट ऑफ स्पेनवरूनच जावं लागतं. तेव्हा ही फेरी अमेरिकेच्या मुक्कामाच्या शेवटी ठेवू नका, मध्ये ठेवा. आम्ही परत येऊन तीन आठवडे मुलाकडे राहिलो आणि मग भारतात आलो. आणखी एक सांगतो, अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, हे पाहा. अशी छोटी फेरी मारल्याने अमेरिकेतली सहा महिन्यांची मुदत नव्याने सुरू होते असं मात्र धरू नका. त्रिनिदादचं उच्चायुक्तालय दिल्लीत आहे. त्यांच्या व्हिसाचं तिकीट काढण्याआधी तिथंच विचारा, मित्राच्या मेव्हण्याला नको.

आता रानाबद्दल. टोबॅगो जेमतेम चाळीस किलोमीटर लांब. बेटाच्या पाठीच्या कण्यासारखी एक डोंगररांग आहे, मेन रिज. तिच्यावरचं रान 13 एप्रिल 1776 रोजी कायद्याने राखीव झालं. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या जवळजवळ तीन महिने आधी! पश्चिम गोलार्धातलं कायद्याने राखलेलं हे सर्वांत जुनं रान मानतात. कारणही ऐकण्यासारखं आहे. स्टीफन हेल्स नावाच्या इंग्रज धर्मोपदेशक-शास्त्रज्ञाने झाडं आणि ओलावा यांचा संबंध अभ्यासला होता. त्यावरून सोम जेनिन्स या संसद सदस्याने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, की डोंगरमाथ्यावरची झाडं तोडली तर पाऊस हटेल आणि ऊस वाळेल. ही रानाची माया नव्हती. साखरेची काळजी होती, आणि ती साखर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या घामावर होत होती. पण रान राहिलं. आज बेटावर राहणारे बहुतेक लोक त्याच गुलामांचे वंशज आहेत आणि रानात वाट दाखवतात तेही तेच.

1963 मध्ये सप्टेंबरअखेर फ्लोरा नावाचं चक्रीवादळ या रानावरून गेलं आणि झाडं आडवी झाली. पांढऱ्या शेपटीचा एक हमिंगबर्ड बेटावरून नाहीसाच झाला असं समजत होते, तो 1974 मध्ये पुन्हा सापडला. रानही पुन्हा उभं राहिलं. एरवी हे बेट वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला आहे, म्हणून तिथं वादळ क्वचितच येतं.

गिल्पिन ट्रेस ही त्या रानातली नावाजलेली पायवाट. रस्त्यालगत सुरू होते, दोन-तीन तास लागतात. चढ फार नाही, पण चिखल आहे, अगदी कोरड्या महिन्यांतही. वाटेच्या तोंडाशी गमबूट भाड्याने मिळतात, ते घ्याच. आपले महागडे बूट तिथं काही कामाचे नाहीत. वाटाड्या केल्याशिवाय जाऊ नका. त्याच्याविना आम्हाला नुसती हिरवी भिंत दिसली असती. त्याने मॉटमॉट दाखवला, आपल्या पल्लवपुच्छ कोतवालासारखी शेपटीच्या टोकाला दोन पिसं झुलवणारा. गुडघ्यासाठी त्याने एक काठी तोडून दिली आणि ओढा ओलांडताना दर वेळी न सांगता हात पुढे केला. टोबॅगोत माणसाला धोका होईल असे विषारी साप नाहीत. त्रिनिदादमध्ये आहेत. ज्यांना एवढंही चालवत नाही त्यांनी रॉक्सबरोजवळचा आर्गाइल धबधबा पाहावा. पंधरा-वीस मिनिटांची वाट आहे.

रान सकाळी करायचं. दुपारी गमबूट काढून समुद्र. विमानतळ बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला आहे आणि सगळे तिथंच राहतात, कारण पिजन पॉइंट आणि स्टोअर बे हे किनारे हाकेच्या अंतरावर आहेत. पण तिथून रानापर्यंतचा रस्ता वळणावळणाचा, दीड तासाचा. म्हणून आम्ही मुक्काम वाटून घेतला. पहिल्या तीन रात्री कॅस्टारा या कोळीवाड्यात, शेवटच्या दोन पिजन पॉइंटकडे. कॅस्टाराला सकाळी रापण ओढतात. आपल्या कोकण-गोव्यात ओढतात तशीच, दोराच्या दोन्ही टोकांना माणसं, आणि जो उभा असेल त्याने हात लावायचा. आम्हीही लावला.

समुद्राबद्दल दोन सूचना. पोहायला बेटाची कॅरिबियन बाजूच धरा. अटलांटिक बाजूला लाटा जोराच्या, आणि गेली काही वर्षं तपकिरी शेवाळाचे ढीगही येऊन पडतात. दुसरं म्हणजे मॅन्चिनील नावाचं झाड. किनाऱ्यावर उगवतं, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं येतात. ते फळ खायचं नाही, झाडाला हात लावायचा नाही आणि पाऊस आला तर त्याखाली थांबायचं नाही. नुसत्या ओघळलेल्या पाण्याने अंगावर फोड येतात. स्थानिक माणसाला विचारा, तो लगेच दाखवतो.

जायचे महिने एप्रिल-मे. जानेवारी ते मे कोरडा काळ असतो, कार्निव्हलची गर्दी आणि चढे भाव ओसरलेले असतात आणि रात्री मोठी लेदरबॅक कासवं अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. ती जाणकार माणसाबरोबरच पाहावीत, टॉर्चचा झोत न टाकता.

खाण्याची चिंता करू नका. 1845 पासून 1917 पर्यंत करारावर नेलेले मजूर प्रामुख्याने अवध-बिहारकडचे. ते आपले मराठी नव्हेत, पण रोटी आणि चण्याची भाजी त्यांनी दोन्ही बेटांवर रुजवली. डबल्स म्हणजे दोन मऊ तळलेल्या पोळ्यांत चणे, सकाळी उभ्या उभ्या खायचे. आणि कॅलालू! ते पाहून आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. अळूची पानं, नारळाचं दूध, भेंडी. थेट आपल्या फदफद्याचं चुलत भावंडं. शाकाहाऱ्यांनी मात्र आधी विचारावं, कारण त्यात बऱ्याचदा खेकडा असतो.

परतीच्या वाटेवर पोर्ट ऑफ स्पेनला एक रात्र काढली. ज्याने रान सोडलं होतं त्याला क्वीन्स पार्क ओव्हल दाखवायचं कबूल केलेलं होतं. 1971 मध्ये वाडेकरांच्या संघाने याच मैदानावर वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी त्या मालिकेत 642 धावा केल्या आणि पहिलीच मालिका खेळणाऱ्या गावसकरांनी 774. मैदानाचं फाटक बंद होतं. टॅक्सीवाल्याने गाडी थांबवली आणि आम्हाला गावसकरांच्या नावाने काहीतरी गाऊन दाखवलं.

नकाशा, वाटाड्यांना काय विचारायचं त्याचा कागद आणि मुक्कामाचा तक्ता मागच्या टेबलावर ठेवला आहे. लसीबद्दल ज्यांना विचारायचं असेल त्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना भेटावं आणि मग आमच्याकडे चहाला यावं.