कमी खा म्हणतात, पण किती?

(अंबड तालुक्यातील महिला शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर)



मघाशी वजनकाटा ठेवला तेव्हा तुमच्यापैकी बऱ्याचजणींनी चपला काढल्या, बांगड्या काढल्या, एकीने तर कमरेची किल्लीसुद्धा काढून ठेवली. आपण सगळ्याच हसलो. पण काट्यावरून उतरल्यावर जवळजवळ प्रत्येकीने एकच वाक्य म्हटलं, “ताई, उद्यापासून कमी खाते.” आज मला त्याच वाक्याबद्दल बोलायचं आहे. कमी म्हणजे किती कमी? आणि ते कोणी ठरवायचं?

सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते. एम.एस.डब्ल्यू. करून मी नुकतीच जालना जिल्ह्यात कामाला लागले होते. एके दिवशी दोन जावा माझ्याकडे आल्या. दोघी अडतिशीच्या, उंची पाच फुटांच्या आसपास, वजन सत्तरच्या घरात. दोघींनाही दवाखान्यात सांगितलं होतं की साखर काठावर आहे, वजन उतरवा. माझ्याकडे शहरातल्या प्रशिक्षणात मिळालेला कागद होता, ‘१२०० कॅलरींचा आहार’. मी त्याच्या दोन प्रती काढल्या आणि एकेक दोघींना दिली. माझं काम झालं असं मला वाटलं.

धाकटी घरात मशीनवर ब्लाउज शिवायची. तीन आठवड्यांत तिचं वजन दीड-दोन किलोंनी उतरलं. थोरली रोजाने वावरात जायची. ती कापूस वेचताना भोवळ येऊन पडली. मी तिला भेटायला गेले तेव्हा ती मला एका शब्दानेही रागावली नाही. उलट म्हणाली, “ताई, तुमचा कागद मी नीट पाळला. माझंच शरीर खोटं दिसतंय.”

ते वाक्य मी अजून विसरले नाही. शरीर खोटं नव्हतं. कागद खोटा होता.

काय चुकलं ते समजावून घेऊ. कॅलरी म्हणजे अन्नातून मिळणारी ताकद मोजायचं माप. दूध लिटरने मोजतो, धान्य किलोने, तशी ताकद कॅलरीने. आपण नुसतं पडून राहिलो तरी श्वास, हृदय, मेंदू, शरीराची ऊब यांना ताकद लागते. त्याच्यावर आपल्या कामाचा खर्च. खर्चापेक्षा जास्त खाल्लं तर ते चरबी म्हणून साठतं, कमी खाल्लं तर साठवणीतलं वापरलं जातं. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. म्हणजे रोज ४०० कमी केल्या तर महिन्याला १२०००, म्हणजे दीड किलो. हिशोब एवढा सरळ नेहमी चालत नाही, कारण वजन उतरलं की शरीराचा खर्चही उतरतो. पण सुरुवातीला अंदाज बांधायला तो पुरतो.

आता प्रत्येकीने आपला आकडा काढायचा. १९९० साली प्रसिद्ध झालेलं एक समीकरण आहारतज्ज्ञ आजही वापरतात. किलोमधलं वजन गुणिले १०. सेंटिमीटरमधली उंची गुणिले सव्वासहा. दोन्हींची बेरीज. त्यातून वय गुणिले ५ वजा, आणि बाईसाठी आणखी १६१ वजा. त्या दोन जावांचं धरू. वजन ७०, म्हणजे ७००. उंची १५२, म्हणजे ९५०. बेरीज १६५०. वय ३८, म्हणजे १९० वजा. वर १६१ वजा. राहिले १२९९. तेराशेच धरा. हा पडून राहिलेल्या शरीराचा खर्च.

इथपर्यंत दोघी सारख्या. पुढे वाटा वेगळ्या होतात. बसून काम करणारीने याला १.४ ने गुणायचं, धाकटीचे झाले १८२०. दिवसभर वावरात वाकून काम करणारीने १.८ ने गुणायचं, थोरलीचे झाले २३४०. आता पाहा, १२०० चा कागद धाकटीला रोज सहाशेने कमी पडत होता. तेही जास्तच होतं. पण थोरलीला तो रोज अकराशेपेक्षा जास्त कमी पडत होता. म्हणजे तिच्या पोटातून अर्धं जेवण मी काढून घेतलं आणि तिला पुन्हा वेचणीला पाठवलं.

बरोबर काय झालं असतं? दिवसाच्या खर्चातून ३०० ते ५०० वजा करायचे, त्याहून जास्त नाही. धाकटीला १४०० च्या आसपास, थोरलीला १९०० च्या आसपास. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते की आठवड्याला अर्धा किलो उतरणं सुरक्षित आहे, आणि वजन उतरवण्याचा आहार कधीही १००० कॅलरींच्या खाली जाऊ नये. बरेच डॉक्टर बाईसाठी १२०० ची खालची रेघ धरतात. मी तर म्हणते, पडून राहिलेल्या शरीराचा जो आकडा निघाला, त्याच्या खाली स्वतःच्या मनाने जाऊच नका.

हे समीकरण परदेशातल्या लोकांवरून बांधलेलं आहे. आपल्याकडे खर्च त्याहून थोडा कमी भरतो. म्हणून आकडा काढला की तीन-चार आठवडे पाहायचं. आठवड्यातून एकदाच, सकाळी, त्याच काट्यावर. वजन हललंच नाही तर शंभरएक कॅलरी कमी करा. आठवड्याला किलोभर उतरत असेल, भोवळ येत असेल, केस गळत असतील, पाळी चुकत असेल, तर शंभर-दोनशे वाढवा आणि दवाखान्यात दाखवा.

आता ताटाकडे येऊ. कारण कॅलरी कोणी खात नाही, आपण भाकरी खातो. मध्यम जाडीच्या ज्वारीच्या भाकरीला साठ ग्रॅम पीठ लागतं, तिच्या २०० कॅलरी धरा. तेलाच्या छोट्या चमच्याच्या ४५. साखरेच्या चमच्याच्या २०. घट्ट वरणाच्या वाटीच्या फोडणीसकट १२०. मूठभर फुटाण्यांच्या ११०. एका मोसंबीच्या चाळीस-पन्नास.

१४०० चा दिवस असा बसतो. सकाळी अर्धा कप चहा एक चमचा साखरेचा, आणि मोड आलेल्या मुगाची वाटीभर उसळ. दुपारी दोन भाकरी, दोन चमचे तेलातलं पालेभाजीचं कोरड्यास, वाटीभर वरण, पेलाभर ताक. चार वाजता फुटाणे आणि अर्धा कप चहा. रात्री एक भाकरी, पिठलं, काकडी-कांद्याची कोशिंबीर. यात भाकरी बंद केलेली नाही. प्रथिनंही पन्नास ग्रॅमच्या आसपास मिळतात. २०२० च्या शिफारशीप्रमाणे ५५ किलोच्या बाईला रोज साधारण ४६ ग्रॅम लागतात. १९०० चा दिवस करायचा तर यातच दोन भाकरी आणि मूठभर शेंगदाणे वाढवा.

मग कमी काय करायचं? बहुतेक घरांत दोन गोष्टी. पहिली तेल. ते चमच्याने मोजणं अवघड, म्हणून डब्याने मोजा. पाच माणसांच्या घरात महिन्याला सहा किलो तेल संपत असेल तर माणशी रोज चाळीस ग्रॅम होतं. ते चार किलोंवर आणलं तर प्रत्येकाच्या रोजच्या सव्वाशेच्या आसपास कॅलरी वाचतात, आणि फायदा सगळ्या घराचा होतो. दुसरी गोष्ट उपवास. साबुदाण्याची एक ताटली खिचडी, दाण्याचा कूट आणि तूप धरून, पाचशेच्या वर जाते. चतुर्थी, गुरुवार, नवरात्र धरा. उपवास करू नका असं मी म्हणत नाही. पण “मी तर उपाशीच असते, तरी वजन का वाढतं,” याचं उत्तर कधीकधी त्या ताटलीत असतं.

आणि कधीकधी ते पातेल्याच्या तळाशी असतं. आपल्यापैकी किती जणी सगळ्यांच्या नंतर जेवतात? हात वर करा. बघा. सकाळी कपभर चहावर बाहेर पडायचं, दुपारी मिळेल ते खायचं, आणि रात्री दहाला सगळ्यांचं आवरल्यावर उरलेला भात, पोराने टाकलेली अर्धी पोळी, तळाचं तेलकट कोरड्यास, “वाया जाऊ नये” म्हणून पोटात ढकलायचं. मग त्या बाईला कोणी म्हणतं, तू खातेस जास्त! तिने दिवसात काय खाल्लं, किती खाल्लं, हे तिलाही माहीत नसतं. कारण तिचं ताट कधी वाढलेलंच नसतं. जिचं ताटच नाही तिला कॅलरीचा आकडा काय कामाचा?

इथे मला थोडी मागची गोष्ट सांगायची आहे. कॅलरी हा शब्द आपल्या देशात सडपातळ होण्याच्या नादातून मोठा झाला नाही, तो गरिबीच्या हिशोबातून मोठा झाला. १९७१ साली पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्याचा अभ्यास केला, त्यात माणशी रोज २२५० कॅलरी ही कसोटी धरली होती. पुढे १९७९ साली नियोजन मंडळाच्या गटाने खेड्यासाठी २४०० आणि शहरासाठी २१०० धरल्या. यावर डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं, की गरज माणसागणिक वेगळी असते, एकाच माणसाचीसुद्धा रोज वेगळी असते, त्यामुळे एका सरासरी आकड्यावरून कोण उपाशी ते ठरवता येणार नाही. वाद मोठा झाला. त्यात कोणाची बाजू बरोबर, हा आजचा विषय नाही. माझ्या कागदाची चूक मात्र सुखात्म्यांच्या त्या वाक्यात सापडते.

आणि त्या वादात आणखी एक जागा रिकामी होती. आकडा माणशी होता, मोजणी घराची होती. घरात आलेलं धान्य कोणाच्या ताटात किती पडलं, हे त्यातून दिसत नव्हतं. १९८२ साली श्रीलता बाटलीवाला यांनी शेजारच्या कर्नाटकातल्या खेड्यांची माहिती घेऊन दाखवलं, की तिथल्या मानवी श्रमात बायकांचा वाटा ५३ टक्के, पुरुषांचा ३१ आणि मुलांचा १६ होता. निम्म्याहून जास्त खर्च बाईचा, आणि वाढून घ्यायला ती शेवटी.

आज चित्र आणखी गुंतागुंतीचं आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभर बायकांमागे २१ जणी गरजेपेक्षा बारीक होत्या, २३ जणींचं वजन जास्त होतं आणि ५४ जणींच्या अंगात रक्त कमी होतं. म्हणजे जाड बाई भरलेली असतेच असं नाही. वजन जास्त आणि रक्त कमी, अशा कितीतरी जणी या मांडवात असतील. त्यांना “खाणं बंद कर” असं सांगणं हा उपाय नाही, तो अन्याय आहे.

म्हणून काही जणींना स्पष्ट सांगते, तुम्ही वजन उतरवायच्या मागे आत्ता लागू नका. ज्यांना दिवस गेलेत त्यांना पुढच्या महिन्यांत रोज साधारण ३५० कॅलरी जास्त लागतात. अंगावर पाजणारीला पहिले सहा महिने ६०० आणि पुढचे सहा महिने ५२० जास्त. वाढत्या वयाच्या मुलींना तर मुळीच नको. पाहुणे बघायला येणार म्हणून महिनाभर पोरीला काकडीवर ठेवणाऱ्या आया मी पाहिल्यात. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, त्या पोरीचं रक्त तपासा आणि तिला वरण-भाकरी वाढा. ज्यांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नये, साखर एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. आणि नवरा किंवा सासू “जाड झालीस, दुसरी करीन” असं म्हणत असेल, तर तो वजनाचा प्रश्न नाही. त्यासाठी काट्यावर नका चढू, आमच्याकडे या.

थोरलीचं पुढे काय झालं, ते सांगून थांबते. मी तिच्या घरी परत गेले. तिची माफी मागितली. मग तिच्यासमोर बसून तिचा हिशोब नव्याने मांडला. तिने आकडा ऐकून घेतला आणि म्हणाली, “म्हंजे मला खायचं हाय तर?” आम्ही तिचं जेवण फारसं कमी केलंच नाही. वावरात जाताना भाकरी आणि उसळ बांधून न्यायची आणि रात्री सगळ्यांबरोबर पंगतीला बसायचं, एवढंच ठरलं. दुसऱ्या गोष्टीला सासूबाईंची समजूत काढायला दोन महिने लागले. धाकटीने त्या कामी तिला साथ दिली, पहिलं ताट तिनेच थोरलीला वाढलं. वर्षभरात थोरलीचं वजन सात किलोंनी उतरलं. हळू उतरलं, पण त्यानंतर ती वावरात कधी पडली नाही.

तेव्हा आज घरी गेल्यावर आकडा नंतर काढा. आधी आपलं एक ताट वेगळं काढा आणि सगळ्यांबरोबर बसा. आठवडाभर त्या ताटात काय काय पडलं ते पोराच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या बैठकीला ती वही घेऊन या. मग आपण दोघी मिळून तुमचा आकडा काढू.