उतारवयातील दंतमुळांची कीड : उपचार आणि आपले साहाय्य

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत व्यवस्थापनातर्फे करण्यात आलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही जमाखर्चाचा गोषवारा मांडतो. आज त्यासोबत एका दुर्लक्षित व्याधीकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. ती म्हणजे वृद्धांच्या दातांच्या मुळांना लागणारी कीड.

‘म्हातारपणी दात जायचेच’ ही समजूत पेण-रोह्याच्या गावोगावी दृढ आहे. दंतवैद्यांचे मत निराळे आहे. दाताच्या दर्शनी भागावर एनॅमलचे कठीण आवरण असते. वयपरत्वे किंवा हिरड्यांच्या विकाराने हिरडी मागे सरकली की मूळ उघडे पडते, आणि त्यावर हे कवच नसते. एनॅमल झिजण्यास तोंडातील सामू साधारण ५.५ च्या खाली जावा लागतो. मुळाची झीज मात्र सामू सहाच्या वर असतानाच सुरू होते. म्हणजे सौम्य आम्लही त्यास पुरते. ही कीड बहुधा न दुखता हिरडीलगत पसरते आणि एके दिवशी दात मुळाशीच मोडतो.

यास हातभार लावणारी कारणे घरातच असतात. रक्तदाब, नैराश्य आदींवरील काही औषधांनी लाळ कमी होते आणि दातांचे नैसर्गिक संरक्षण घटते. अनियंत्रित मधुमेहाने हिरड्या खंगतात. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ साली देशात बंदी झाली. तरी घरी भाजलेली मशेरी अद्याप अनेक माताभगिनींच्या हातून सुटलेली नाही. दात दुबळे झाले की तांदळाची भाकरी आणि वाल ताटातून जातात आणि त्यांच्या जागी गोड चहात बुडवलेली बिस्किटे येतात. त्या चिकट, गोड अन्नानेच उरलेल्या मुळांना कीड लागते. असे हे दुष्टचक्र आहे.

समाधानाची गोष्ट ही, की यावरील उपचार साधे आहेत. कीड वरवरची असेल तर फ्लोराईडने ती थोपवता येते. अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१८ साली अशा किडीसाठी ५००० पीपीएम फ्लोराईडची पेस्ट अथवा जेल रोज वापरण्याची शिफारस केली. नेहमीच्या टूथपेस्टमध्ये हे प्रमाण साधारण १००० पीपीएम असते. अर्थात अशी तीव्र पेस्ट दंतवैद्यांच्या सल्ल्यानेच वापरावी. खड्डा पडला असेल तर किडका भाग हाताच्या अवजारांनी काढून ग्लास आयोनोमर सिमेंट भरता येते. फार थकलेल्या रुग्णास सिल्व्हर डायअमाईन फ्लोराईडचा द्रव लावता येतो. त्याने कीड थांबते, मात्र ती जागा कायमची काळी पडते, हे रुग्णास आधी सांगणे आवश्यक असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली फ्लोराईड टूथपेस्ट, हा द्रव आणि हे सिमेंट यांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

मग अडते कोठे? अडते ते फेऱ्यांपाशी. हा उपचार एका भेटीत संपत नाही. दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी लागते, द्रव ठरावीक काळाने पुन्हा लावावा लागतो. रोहे तालुक्यातील आतल्या वाडीवरून वृद्धास अलिबाग वा पनवेलला न्यायचे म्हणजे संपूर्ण दिवस जातो आणि सोबत येणाऱ्याची मजुरीही बुडते. म्हणून ‘एकदाचा काढून टाका’ अशी विनंती होते आणि वाचू शकणारा दात जातो. दात काढणेही वृद्धांच्या बाबतीत नेहमीच सोपे नसते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ती परस्पर बंद करणे धोक्याचे असते.

आम्ही हिशेबाची माणसे. शिबिरात काढलेले दात मोजता येतात, अहवालात छापता येतात. वाचलेला दात कोणत्याही रकान्यात दिसत नाही. तो दिसतो जेवणाच्या ताटापाशी. म्हणून देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे, की आपले दान केवळ एका दिवसाच्या शिबिरासाठी न देता, एका वृद्धाच्या वर्षभराच्या उपचारासाठी, त्याच्या प्रवासखर्चासह, द्यावे. रोपटे लावणाऱ्याने पाण्याचीही तजवीज करावी, तसेच हे आहे.

नातेवाइकांनाही तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. आईवडिलांच्या हिरडीलगत पिवळट वा तपकिरी मऊ डाग दिसतो का, ते महिन्यातून एकदा उजेडात पाहावे. रात्री झोपण्यापूर्वी फ्लोराईडच्या पेस्टने दात घासून द्यावेत. हात थरथरत असेल तर ब्रशची मूठ कापड गुंडाळून जाड करावी. आणि दवाखान्यात येताना चालू असलेली सर्व औषधे सोबत आणावीत.

ज्यांनी आपल्याला घास भरवला, त्यांना स्वतःचा घास सुखाने चावता यावा, एवढेच मागणे आपणापुढे ठेवतो.