ओतीवाचा क्रमांक आणि कारखानदाराची पत
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आमचे आयुष्य खडू-फळ्यात गेले. तेव्हा कारखान्याविषयी आम्ही बोलावे याचे काहींस नवल वाटेल. तथापि आपल्या ज्ञातीतील कित्येक घरे आज शिरोली, गोकुळ शिरगाव व कागल येथील फौंड्री आणि लेथ यांवर उभी आहेत. शिवाय आजचा विषय मुळात वहीचा आहे, आणि वही हा आमचाच प्रांत होय.

कारखान्यातून बाहेर पडलेला नग कोणत्या कच्च्या मालाचा, कोणत्या दिवशी, कोणत्या भट्टीतून निघाला आणि पुढे कोणाकडे गेला, हे मागाहून सांगता येणे यास इंग्रजीत ट्रेसेबिलिटी म्हणतात. आपण त्यास मालाचा मागोवा म्हणू. शाळेच्या जनरल रजिस्टरात प्रत्येक विद्यार्थ्यास एक क्रमांक असतो. मुलगा शाळा सोडून तीस वर्षे लोटली, तरी त्या क्रमांकावरून त्याची जन्मतारीख निघते. ओतीव नगाचे तसेच आहे.

भट्टीत एका वेळी वितळविलेल्या धातूस हीट म्हणतात. त्या हीटचा क्रमांक नगावर उमटवावा. वहीत त्याच क्रमांकापुढे पिग आयर्न व स्क्रॅप किती घातले, रसायन-तपासणीत काय निघाले, ओतताना तापमान किती होते हे लिहावे. आणि माल पाठविताना तोच क्रमांक चलनावर घालावा. समजा, महिन्यात २५ हीट झाल्या व प्रत्येकीतून ४० नग निघाले. पुढे एक नग तडकला आणि दोष त्या हीटच्या धातूचा ठरला. नोंद असेल तर ४० नग परत मागवून तपासावे लागतात; नसेल तर हजारच्या हजार संशयित ठरतात. मोठा कारखाना असा धक्का सोसतो. लहान कारखानदाराचे त्यात घर बुडते.

याहून महत्त्वाची गोष्ट न्यायाची आहे. नोंद नसते तेथे दोष दुर्बलाच्या माथी येतो. गिऱ्हाईक फौंड्रीकडे बोट दाखविते, फौंड्रीवाला साचा भरणाऱ्या मजुराकडे. वास्तविक दोष स्क्रॅपचा असेल, अथवा पुढील यंत्रकामाचाही असेल. क्रमांक हा कामगारामागे लावलेला पोलीस नव्हे. तो प्रामाणिक माणसाचा साक्षीदार आहे. नोंदीचा उपयोग केवळ दंड करण्यास होऊ लागला, की नोंदी खोट्या होऊ लागतात, हे मालकांनी ध्यानी धरावे.

यास मोठे भांडवल लागते हा समज चुकीचा आहे. भाजीवाल्याच्या गाडीवर पैसे देण्यासाठी जो चौकोनी क्यूआर कोड आपण पाहतो, तो १९९४ साली जपानात डेन्सो कंपनीतील मासाहिरो हारा व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला, आणि तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठीच! परंतु कोड हे केवळ दार आहे. आत नोंद नसेल तर दार उघडून काय लाभ? आरंभ एका वहीने, एकाच नगापासून करावा. नोंद काम चालू असतानाच व्हावी. संध्याकाळी आठवणीने भरलेली वही म्हणजे महिनाअखेरीस भरलेला हजेरीपट. दुरुस्त केलेला नग वेगळा लिहावा. आणि महिन्यातून एकदा कोणताही नग उचलून त्याचा मागोवा भट्टीपर्यंत लागतो की नाही, याची परीक्षा घ्यावी.

मोठी गिऱ्हाइके आता ही माहिती मागतात. आयएसओ ९००१ या मानकातही, मागोवा आवश्यक असेल तेथे वस्तूची स्वतंत्र ओळख राखण्याची व नोंद जपण्याची अट आहे. परंतु कोणी मागते म्हणून नव्हे, तर आपल्या हातच्या कामाची जबाबदारी आपण घेतो म्हणून हे करावे. आपल्या ज्ञातीत अनेक मुली हिशेबात व संगणकात निपुण आहेत. घरच्या कारखान्याची ही वही त्यांच्या हाती द्यावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.