जिजाईला हसलो तेव्हा
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



नववीत असताना आपल्या सभागृहात खिडक्यांना सतरंज्या लावून ‘संत तुकाराम’ दाखवला होता, आठवतंय ना? रीळ दोनदा तुटलं आणि दोन्ही वेळा मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. शिट्ट्या मारणारे आज इथे पुढच्या रांगेत बसले आहेत!

प्रभातचा हा चित्रपट १९३६चा. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल, तुकारामांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. एवढं मराठीच्या बाईंनी फळ्यावर लिहून दिलं होतं. त्यातलं एक गाणं शांताराम आठवले यांचं आहे, हेही सांगितलं होतं. तरी सहामाहीत मी ते तुकारामांचा अभंग म्हणून ठोकून दिलं. बाईंनी एक गुण कापला आणि समासात लिहिलं, “फसलास. पण तू एकटाच नाहीस.”

मला आज बोलायचंय ते जिजाईबद्दल. गौरी या अभिनेत्रीने ती उभी केली. पोर आजारी, घरात दाणा नाही आणि नवरा भजनात. तेव्हा ती चप्पल घेऊन थेट विठोबाच्या अंगावर धावून जाते. सगळं सभागृह हसलं. मीही हसलो, जरा जास्तच मोठ्याने.

कारण ती भाषा माझ्या घरातली होती. वडिलांचं किराणा दुकान आणि रात्री भजन. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं सांगतात. आमच्या वडिलांनी उधारीची वही नदीत टाकली नाही, पण ती घेऊन वसुलीलाही कधी गेले नाहीत. मग आई भांडायची. चित्रपटाच्या आदल्याच आठवड्यात ती फीची मुदत मागायला शाळेत आली होती. तिचा आवाज चढला, व्हरांड्यात काही जण हसले आणि मी पाण्याच्या टाकीमागे लपलो. तुमच्यापैकी कुणाला ते आठवत नसेल. मला आठवतं.

आई गेल्यावर तो चित्रपट पुन्हा पाहिला. दुष्काळात तुकोबांचं दुकान बुडालं, पहिली बायको गेली, मुलगा गेला. पुढे वह्या पाण्यात बुडवाव्या लागल्या. ते दुःख मोठंच. पण चित्रपट तिथे थांबत नाही. कवीच्या घरात चूल कोण पेटवतं, हेही तो दाखवतो. जिजाईला तो खलनायिका करत नाही. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात आणि ती मागे राहते, कारण घर तिच्यावर आहे. या वेळी मला हसू आलं नाही.

वडिलांच्या भजनाचं कौतुक गावाने केलं. आईच्या भांडणामुळे माझी फी भरली गेली आणि म्हणून मी आज तुमच्यासमोर उभा आहे. हे तिला सांगायचं राहून गेलं. ज्यांची आई अजून आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर तिच्याजवळ थोडा वेळ बसावं, इतकंच.