पावसाळी ताप आणि चिठ्ठीवरची गोळी



कापसाच्या भावाचा विषय थोडा वेळ बाजूला ठेवून आज आपण एका गोळीबद्दल बोलणार आहोत. ऐन निंदणात घरचा कमावता माणूस तापाने खाटेवर पडला, तर पुढे भाव कितीही मिळो, त्या घराचा हंगाम बुडालाच. आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे, डॉक्टर नव्हे. कोणाला कोणते औषध द्यायचे हे डॉक्टरच ठरवील. चिठ्ठीवरची गोळी घ्यायची कशी आणि चिठ्ठीशिवाय का घ्यायची नाही, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

2018 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफस या तापाची साथ आली. माणसे दगावली. पिकावरचा लाल कोळी तुम्हाला ठाऊक आहे. त्याच्याच गोतातला एक बारीक कोळी गवता-झुडपांत राहतो. त्याचे पिल्लू चावले की रोगाचे जंतू अंगात शिरतात. म्हणजे धुऱ्यावरचे गवत कापणारा, गुरे चारणारा, निंदायला बसणारी बाई, हेच त्याच्या तोंडी सापडतात. माणसाकडून माणसाला हा रोग लागत नाही.

चावल्यानंतर साधारण दहा दिवसांनी ताप भरतो, डोके ठणकते, अंग मोडून येते. काखेत, जांघेत, कमरेला किंवा छातीखाली बिडीचा चटका बसावा तशी काळी खपली दिसते. ती दुखत नाही, म्हणून कोणी पाहत नाही. सगळ्यांनाच ती येते असेही नाही. उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू यांवर रोग जातो.

यावर डॉक्सिसायक्लिन नावाचे प्रतिजैविक आहे. महाग नाही. वेळेवर सुरू झाले तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन या जातीची औषधे मात्र या जंतूवर चालत नाहीत. म्हणून ‘एक सुई मारा, एक सलाईन लावा’ असे करत आठवडा घालवू नका. डॉक्टरला आपण होऊन सांगा, गवतात काम केले आहे. खपली असेल तर लाज न धरता दाखवा.

गोळी चिठ्ठीवर आली, तर एवढे पाळा :

1. पेलाभर पाण्याबरोबर, बसून किंवा उभ्याने घ्या आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नका. गोळी अन्ननळीत अडकली तर तिथे जखम होते. रात्रीची गोळी घोटभर पाण्याने घेऊन लगेच निजणे सर्वांत वाईट.

2. दूध, लोहाच्या गोळ्या, कॅल्शियम, पित्ताची औषधे हिच्याबरोबर घेऊ नका. दोन-तीन तासांचे अंतर ठेवा. नाहीतर गोळीचा गुण कमी होतो.

3. या दिवसांत ऊन सोसत नाही, कातडी भाजल्यासारखी होते. अंगभर कपडा, डोक्याला दुपट्टा हवाच.

4. बाई गरोदर असेल, अंगावर पाजत असेल, तर आधी सांगा. डॉक्टर दुसरे औषध देऊ शकतो. लहान मुलांच्या दातांवर या औषधाचे डाग पडू शकतात, पण स्क्रब टायफसमध्ये जीव वाचवायला डॉक्टर ते मुलालाही देतो. तो निर्णय त्याचा. मोठ्यांची गोळी अर्धी मोडून मुलाला देऊ नका.

5. दोन दिवसांत ताप हटला नाही, अंगावर पुरळ उठले, दम लागला, डोके फार दुखून नजर अंधुक झाली किंवा जुलाब थांबेनात, तर ताबडतोब दवाखाना गाठा.

6. ताप उतरला म्हणून मधेच सोडू नका. चिठ्ठीवर जितके दिवस, तितके दिवस घ्या.

आता चिठ्ठीशिवाय का नको? डेंग्यू, चिकुनगुन्या हे ताप विषाणूचे. त्यांवर प्रतिजैविक चालतच नाही. मेडिकलवाल्याने दिली, शेजाऱ्याची उरली होती, म्हणून गोळी घेतली तर मूळ रोग आत वाढत राहतो. दुसरे कारण तुम्ही शेतात भोगले आहे. एकच विष वारंवार मारले आणि बोंडअळी त्याला दाद देईनाशी झाली. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने बीटी बियाण्यालाही जुमानले नाही. जंतूंचे तसेच आहे. गरज नसताना औषध वापरले की त्याला न जुमानणारे जंतू माजतात, आणि खऱ्या गरजेच्या वेळी औषध फुकट जाते. गुरांसाठी आणलेली औषधाची बाटली माणसाने वापरणे तर सोडूनच द्या. पाकिटावरची उभी लाल रेघ ओळखा. ही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसतात.

कोणी म्हणेल, चिठ्ठी द्यायला डॉक्टर तरी जागेवर हवा! रास्त आहे. ज्याला डॉक्टर भेटत नाही, तो मेडिकलवर जाणारच. त्याला नुसता उपदेश करून भागणार नाही. म्हणून पावसाळ्याआधी प्रत्येक गावाने आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि तीन गोष्टी विचाराव्या : डॉक्टर कोणत्या वेळी हजर असतो, या तापाच्या तपासणीची सोय कुठे आहे, आणि गोळ्यांचा साठा किती आहे. उत्तरे लेखी मागा. ती घेऊन पुढच्या बैठकीला या. ज्या केंद्राचे उत्तर येणार नाही, तिथे आपण सगळे मिळून जाऊ.